जपानी मैत्रिणीच्या कार्डावर 'आइशितेरु' लिहावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा पुण्यात आयटीत आहे. ओसाकाच्या टीममधल्या एका मुलीशी त्याचं वर्षभर बोलणं चालू आहे, एक-दोनदा भेटही झाली आहे, पण 'तसं' दोघांपैकी कोणी काही बोललेलं नाही. आता तिचा वाढदिवस येतोय आणि त्याला हाताने लिहिलेलं कार्ड पाठवायचं आहे. भाषांतराच्या अ‍ॅपने त्याला 'माझं तुझ्यावर प्रेम आहे'साठी वाक्य दिलं: 'वाताशि वा आनाता ओ आइशितेइमासु'. हे बरोबर आहे का? आणि शुभेच्छा, आभार, 'तुझी आठवण येते' ही वाक्यं चूक न करता कशी लिहायची?

व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य बरोबर आहे, पण कार्डावर लिहू नका. ते इंग्रजीतून आलेलं वाक्य आहे. अ‍ॅपला 'आय' दिसला म्हणून 'वाताशि' आला, 'यू' दिसला म्हणून 'आनाता' आला. जपानी माणूस यातले दोन्ही शब्द गाळेल, आणि उरलेला तिसरा या टप्प्यावर उच्चारणारच नाही.

आधी 'आनाता'बद्दल. शब्दकोशात त्याचा अर्थ 'तू, तुम्ही' असा दिलेला असतो, पण ओळखीच्या माणसाला जपानी लोक सहसा नावाने संबोधतात. समोर बसलेल्या तानाकासानना 'तुम्ही चहा घेणार का?' विचारायचं तर 'तानाकासान चहा घेणार का?' असंच विचारतात. 'आनाता' फॉर्मवर, जाहिरातीत किंवा अनोळखी वाचकासाठी चालतो. आणखी एका ठिकाणी तो हक्काने येतो, ते म्हणजे जुन्या वळणाच्या बायकोने नवऱ्याला मारलेली हाक. आपल्या 'अहो'ची तीच जागा. तेव्हा मैत्रिणीला 'आनाता' लिहिण्यापेक्षा तिचं नाव लिहा, पुढे आदराचा 'सान' लावा. लाडाचा 'चान' लावायची घाई नको. सानवरून चानवर येणं हाच नात्यातला एक टप्पा असतो, आणि बहुतेक वेळा तो समोरच्याने 'अमुक म्हण' असं सांगितल्यावर गाठायचा असतो. 'तू' या अर्थाचा 'किमि' गाण्यांत ऐकून उचलू नका, तसाच पण उर्मट वाटणारा 'ओमाए' तर नकोच नको.

आता 'आइशितेरु', म्हणजे वरच्या 'आइशितेइमासु'चंच घरगुती रूप, 'प्रेम करतो'. नवरा-बायको आयुष्यभर एकमेकांना हा शब्द न म्हणता राहतात, आणि त्यात त्यांना काही उणं वाटत नाही. गुन्मा प्रांतात त्सुमागोइ नावाचं गाव आहे, कोबीसाठी प्रसिद्ध. गावाच्या नावाच्या अक्षरांतच 'पत्नी' आणि 'प्रेम' आहे. तिथे 2006 पासून एक कार्यक्रम होतो: नवऱ्यांनी कोबीच्या शेतात उभं राहून बायकोवरचं प्रेम मोठ्याने ओरडून सांगायचं. एवढ्यासाठी मुद्दाम कार्यक्रम भरवावा लागतो, यावरून घरात हे वाक्य किती वेळा बोललं जात असेल ते समजा. आपल्याकडे तरी 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' हे सिनेमाबाहेर कोण म्हणतं?

मग काय म्हणतात? 'सुकि देसु'. आणि इथे मराठी माणसाला एक फायदा आहे, जो आपण इंग्रजी माध्यमातून जपानी शिकून वाया घालवतो. 'मला आंबा आवडतो' या वाक्यात आवडणारी वस्तू कर्ता होऊन बसते आणि ज्याला ती आवडते तो 'मला' होऊन बाजूला सरकतो. जपानीतही तसंच. 'मान्गो गा सुकि देसु' म्हणताना आंब्याला 'गा' लागतो, कर्म दाखवणारा 'ओ' लागत नाही. इंग्रजीतल्या 'लाइक'वरून येणारे इथे हमखास 'ओ' लावतात. तुम्ही 'मला तू आवडतेस'वरून या, 'गा' आपोआप सुचेल. 'भेटणे'चंही तसंच: आपण तुला भेटतो, जपानीतही 'नि' लावून भेटतात. 'तुला भेटायचंय' म्हणजे तिच्या नावापुढे 'नि आइताइ'.

पण मराठीचा एक सापळाही आहे. आपण 'मला तू आवडलीस' म्हणतो तेव्हा क्रियापद भूतकाळी असलं तरी भावना आजची असते. त्याचं शब्दशः 'सुकि देशिता' केलंत तर ती वाचेल 'आवडायचीस', म्हणजे आता नाही. 'आवडायला लागलीस' या अर्थी 'सुकि नि नारिमाशिता' म्हणा. ('झुत्तो सुकि देशिता', म्हणजे इतके दिवस आवडत होतीस, हे मात्र चालतं. शाळा संपताना मनातलं सांगणारी मुलं हेच म्हणतात. तिथे 'झुत्तो' सगळं सांभाळून घेतो.) आणि 'सुकि' हे क्रियापद नाही, विशेषणासारखा शब्द आहे, त्यामुळे त्याची 'सुकिमासु' अशी रूपं होत नाहीत. 'दाइसुकि' म्हणजे खूप आवडणं. तो शब्द मुलं आईला म्हणतात, मैत्रिणी एकमेकींना म्हणतात, लोक आइस्क्रीमलाही म्हणतात.

मुलग्यांसाठी एक सूचना. अ‍ॅनिमे पाहून 'सुकि यो' किंवा 'सुकि दा वा' उचलू नका, ही बायकी धाटणी आहे. 'सुकि दा यो' कुणीही म्हणावं. तुमची मैत्रीण ओसाकाची असेल तर 'सुकि या नेन' हे तिकडचं रूप कानावर येईल. ते तिने म्हणू दे. बाहेरच्याने ठरवून ओसाकाची बोली बोलली की ती नक्कल वाटते.

तुमच्या बाबतीत महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. जपानमध्ये दोन माणसं कितीही वेळा एकत्र कॉफी प्यायली तरी ती 'जोडी' ठरत नाहीत. त्यासाठी 'कोकुहाकु' व्हावं लागतं, म्हणजे मनातलं सरळ सांगणं. त्याचा साचा ठरलेला आहे: 'सुकि देसु. त्सुकिआत्ते कुदासाइ.' आवडतेस, माझी प्रेयसी होशील का, अशा अर्थाचं. होकार असेल तर उत्तर बहुधा 'योरोशिकु ओनेगाइशिमासु' येतं, जे ऑफिसच्या पहिल्या दिवशीही म्हणतात, त्यामुळे ऐकणारा परदेशी माणूस गोंधळतो. हे तुमच्यात झालेलं नाही. म्हणून वाढदिवसाचं कार्ड प्रेमपत्र होऊ देऊ नका. पोस्टाने आलेल्या 'दाइसुकि'ला तिने काय उत्तर द्यावं? कार्डात आपुलकी दिसू द्या, 'सुकि देसु' समोर बसून म्हणा.

इंटरनेटवर हमखास भेटणारी एक गोष्ट इथेच निकालात काढतो. नात्सुमे सोसेकि या लेखकाने विद्यार्थ्यांना म्हणे सांगितलं की 'आय लव्ह यू'चं भाषांतर 'त्सुकि गा किरेइ देसु ने', म्हणजे 'चंद्र सुंदर आहे, नाही?' असं करा. त्याच्या लेखनात याचा पुरावा सापडलेला नाही, ही नंतर पसरलेली कथा आहे. पण ती जपानमध्येही बऱ्याच जणांना माहीत आहे, त्यामुळे पौर्णिमेचा फोटो पाठवून हे वाक्य सहज टाकलंत तर ती दचकू शकते.

आपुलकी खरी कुठे दिसते, तर क्रियापदांच्या शेपटांत. हे मराठी माणसाला समजावणं सोपं जातं, कारण आपल्याकडे करून पाहणे, करून ठेवणे, करून टाकणे ही जोडकाम करणारी क्रियापदं आहेत. जपानीत तेच 'शिते मिरु', 'शिते ओकु', 'शिते शिमाउ'. आणि 'करून देणे' आहेच, फक्त जपानीत त्याचे दोन वेगळे शब्द आहेत: मी दुसऱ्याला देतो तेव्हा 'आगेरु', दुसरा मला देतो तेव्हा 'कुरेरु'. 'यासाशिकु शिते कुरेते आरिगातोऽ' म्हणजे माझ्याशी प्रेमाने वागलीस म्हणून आभार. यातला 'कुरेते' म्हणतो की जे केलंस ते माझ्यासाठी केलंस, माझ्यापर्यंत ते पोचलं. हा शब्द गाळून नुसतं 'आरिगातोऽ' लिहिलंत तर दुकानदाराचे आभार मानल्यासारखं होतं. उलट 'आगेरु' जपून वापरा. 'तेत्सुदात्ते आगेरु', मी तुला मदत करून देतो, यात उपकाराचा सूर येतो, आणि वडीलधाऱ्यांना तर असं बोलतच नाहीत.

घराबाहेर पडताना जपानी माणूस 'इत्ते किमासु' म्हणतो, शब्दशः 'जाऊन येतो'. आतून 'इत्तेराश्शाइ', 'जाऊन या'. आपल्या घरात 'जातो' म्हटल्यावर जी आजी रागावते, तिला हे शिकवावं लागणार नाही. रोजच्या मेसेजमध्ये प्रेम याच वाटेने जातं: 'ओत्सुकारेसामा' (दमली असशील), 'मुरि शिनाइदे ने' (फार ताण घेऊ नकोस), 'काझे हिकानाइदे ने' (सर्दी होऊ देऊ नकोस). शेवटचा 'ने' आपल्या 'ना'च्या जवळचा आहे. 'आठवण येते'साठी थेट शब्द शोधू नका. 'आइताइ', भेटावंसं वाटतंय, हाच तो शब्द, आणि तो 'आइशितेरु'पेक्षा कितीतरी जास्त वेळा आणि मनापासून वापरला जातो.

दोन शब्दांपासून मात्र सांभाळा. प्रेयसी किंवा प्रियकर याला 'कोइबितो' म्हणतात. 'आइ' म्हणजे प्रेम आणि 'जिन' म्हणजे माणूस असं जुळवून 'आइजिन' बनवलंत, तर तो शब्द जपानीत आहे, पण त्याचा अर्थ विवाहबाह्य संबंधातली व्यक्ती असा आहे. दुसरा 'कावाइइ', गोड. 'गोड दिसतेस' म्हणायला 'सोऽ' लावून 'कावाइसोऽ' केलंत तर अर्थ होतो 'बिचारी'.

आता लिहिण्याकडे. जेएलपीटी ही जपानीची परीक्षा पुण्यातही होते, पण तिच्यात लिहायला किंवा बोलायला काहीच नसतं, सगळे प्रश्न पर्याय निवडण्याचे. त्यामुळे वरची पातळी पास झालेली माणसंही कार्ड लिहायला बसली की अडखळतात.

वर मी 'सुकि' ऱ्हस्व लिहिलंय आणि 'आरिगातोऽ'ला अवग्रह दिलाय, ते उगाच नाही. मराठीत शेवटची इ दीर्घ लिहायची सवय असते. जपानीत लांबी बदलली की शब्द बदलतो. 'सुकि' म्हणजे आवड, 'सुकिऽ' म्हणजे बर्फावर घसरण्याचा खेळ. 'ओबासान' मावशी किंवा काकू, 'ओबाऽसान' आजी. मैत्रिणीच्या आईच्या बहिणीला पत्र लिहिताना हे लक्षात असू द्या. 'इश्शो' म्हणजे एकत्र, 'इश्शोऽ' म्हणजे जन्मभर. 'झुत्तो इश्शो नि', कायम एकत्र, हे लिहिताना नको तिथे 'ओ' लांबला की वाक्य भलतीकडे जातं.

ही लांबी हिरागानात, म्हणजे जपानीच्या रोजच्या अक्षरमालेत, कशी दाखवतात? बहुतेक शब्दांत लांब 'ओ' हा 'उ' जोडून लिहितात: आ-रि-गा-तो-उ, ओ-मे-दे-तो-उ, ओ-हा-यो-उ. वाचताना 'उ' वाचायचा नाही, 'ओ' लांबवायचा. 'ओओकिइ' (मोठं) आणि 'तोओइ' (दूर) असे थोडे शब्द 'ओ' जोडून लिहितात, कारण जुन्या लेखनात तिथे 'हो' होता. ते पाठच करा. कातकानात, म्हणजे परदेशी शब्दांसाठीच्या अक्षरमालेत, मात्र लांबीसाठी सरळ आडवी रेघ येते, आणि ती रेघ हिरागानात आणायची नसते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक 'कोन्निचिवा'ची (दिवसाचा नमस्कार). शेवटचं अक्षर ऐकायला 'वा' आहे, लिहायचं 'हा'. मूळ वाक्य 'कोन्निचि वा...', 'आजचा दिवस...' असं काहीतरी पुढे जाणारं होतं. पुढचा भाग गळून गेला आणि विषय दाखवणारा 'वा' तेवढा राहिला. तो शब्दयोगी 'वा' नेहमी 'हा' या अक्षराने लिहितात. 'कोन्बान्वा'लाही (संध्याकाळचा नमस्कार) तेच. 1946 साली जपानने लेखन उच्चाराप्रमाणे केलं, पण तीन शब्दयोगी जुन्याच वेषात ठेवले: 'वा' लिहायचा 'हा'ने, 'ए' लिहायचा 'हे'ने, आणि कर्माचा 'ओ' लिहायचा 'वो'च्या अक्षराने. तरुण पोरं मेसेजमध्ये गंमत म्हणून 'वा' लिहितात. तुम्ही लिहिलंत तर ती गंमत समजली जाणार नाही.

जोडाक्षराच्या जागी छोटा 'त्सु' येतो: 'झुत्तो', 'इश्शो', 'त्सुकिआत्ते'. तो खरोखर छोटा काढा, रेघेच्या खालच्या बाजूला. 'किते कुदासाइ' म्हणजे या, 'कित्ते कुदासाइ' म्हणजे कापा. आडव्या लेखनात छोटा त्सु पुढच्या अक्षराएवढा झाला की वाचणारा अडतो. उच्चारात मात्र मराठी माणसाला 'त्सु' अवघड नाही. चुलीतला 'चू' म्हणा, जमलं. 'चिमणी'तला 'चि' वेगळा, तोही जपानीत तसाच आहे. आणि 'सुकि' बोलताना 'उ' जवळजवळ गिळतात, 'स्कि'च्या जवळ. सुक्या भेळेसारखा 'सुकी' नको.

अक्षराचं वळण पुस्तकातल्या छापील टाइपावरून गिरवू नका. 'कि' आणि 'सा' ही अक्षरं छापात जोडलेली दिसतात, हाताने लिहिताना शेवटचा फराटा सहसा सुटा असतो. शाळेतल्या मुलांची वही किंवा हस्ताक्षराचा फाँट समोर ठेवा. फोनची भाषा चिनी असेल तर चित्राक्षरं चिनी वळणाची दिसतात, आणि काही तर वेगळीच असतात. 'आइ' म्हणजे प्रेम या अक्षरात जपानीत मधोमध हृदयाचं चिन्ह आहे, चीनमधल्या सोप्या केलेल्या अक्षरात ते नाही. गोंदवून घेतलेल्या हातांवर हा गोंधळ मी पाहिलाय, तो पुसता येत नाही.

फोनवर आधी टाइप करून बघणार असाल तर: 'कोन्निचिवा'साठी रोमन 'एन' तीनदा दाबा, शब्दयोगी 'वा'साठी 'एचए', 'ओ'साठी 'डब्ल्यूओ', छोट्या त्सुसाठी पुढचं व्यंजन दोनदा. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडायची नाही. पूर्णविराम म्हणजे छोटं वर्तुळ.

तुमचं नाव कातकानात लिहाल. तिथे 'ल', 'ळ', 'र' सगळे एकाच अक्षरात बसतात. समजा नाव अमोल आहे: 'ओ' लांबवून लिहिलंत तर 'आमोऽरु' होतं, आणि जपानी वाचकाला तो स्पॅनिशमधला प्रेम या अर्थाचा शब्द दिसतो. या कार्डासाठी वाईट नाही, पण ऑफिसच्या कागदांवर आधीपासून जसं लिहिलं जातं तसंच इथेही लिहा.

आता कार्ड. त्याआधी तिचे जुने मेसेज उघडून बघा. ती वाक्यं आदराच्या 'देसु', 'मासु'ने संपवते की जवळिकीच्या 'दा', 'यो', 'ने'ने? तीच पट्टी धरा, एका कार्डात दोन्ही मिसळू नका. ती अजून 'देसु-मासु'त असेल असं धरून मजकूर देतो.

वर तिचं नाव, मग 'सान', मग 'ए', म्हणजे 'ला' (लिहायचा 'हे'). त्याखाली:

ओतान्जोऽबि ओमेदेतोऽ गोझाइमासु.
इत्सुमो यासाशिकु शिते कुरेते, आरिगातोऽ गोझाइमासु.
माता आइताइ देसु.

शेवटी खाली तुमचं नाव आणि 'योरि' (कडून).

'तान्जोऽ'मधला 'जोऽ' हा 'जि', छोटा 'यो' आणि 'उ' असा तीन अक्षरांत लिहितात. छोटा 'यो'सुद्धा छोटाच. पहिली ओळ वाढदिवसाच्या शुभेच्छांची, दुसरी नेहमी प्रेमाने वागतेस म्हणून आभारांची, आणि 'माता आइताइ' म्हणजे पुन्हा भेटावंसं वाटतंय. एवढ्यावरून तिला कळायचं ते कळेल, आणि उत्तर द्यायचं बंधनही पडणार नाही. ती उत्तरात 'वाताशि मो', मलासुद्धा, असं लिहील किंवा भेटीची तारीख विचारील, तर पुढच्या भेटीत 'सुकि देसु' म्हणायला हरकत नाही. नुसते आभार आले तर तुम्ही शुभेच्छाच दिल्या होत्या.

लाल शाई टाळा, लाल अक्षरातलं पत्र संबंध तोडण्याचं मानतात. पाकिटावर तिच्या नावापुढे 'सान' नाही, 'सामा' येतो. आणि फेब्रुवारीपर्यंत थांबायचा विचार असेल तर एवढं माहीत असू द्या की 14 फेब्रुवारीला तिकडे चॉकलेट मुली देतात, आणि मुलांची परतफेडीची पाळी 14 मार्चला, 'व्हाइट डे'ला येते. ऑफिसमधल्या सगळ्यांना वाटायचं उपचाराचं चॉकलेट 'गिरि-चोको', आणि ज्याच्यावर खरंच मन आहे त्याला द्यायचं 'होन्मेइ-चोको'. तुमच्या टेबलावर पोचलं तर त्यातलं कोणतं, हे वेष्टनावरून ओळखायचा प्रयत्न करू नका, तिच्या टीममधल्या एखाद्या बाईंना हळूच विचारा.